खरे

मान डावीकडे वळवली
की छतावरचा पंखा बंद असून फिरतो.
चौऱ्याहत्तराव्या वर्षी हे नवं.
बेलापूरच्या कानाच्या डॉक्टर, खानविलकरबाई,
मला टेबलावर आडवं पाडून
डोकं कडेवरून खाली लोंबतं ठेवतात
नि म्हणतात, कानातले खडे सुटलेत, काका,
चुन्याचे कण. भलत्या नळीत शिरलेत.
डोळे उघडे ठेवा.

ठेवले. पापण्याच नसल्यासारखे.

परतताना दिवाळ्याच्या बाजारात, भिंत धरत धरत,
धर्मीबायच्या पाटीशी थांबलो.
सरंगा परवडत नाही असं नाही,
पण एकट्या माणसाला ढोमी पुरते.
तिनं विचारलं, तोंड का उतरलंय. सांगितलं.
ती हसली. कोयतीवर ढोमीचं डोकं उभं चिरलं,
अंगठ्यानं मेंदूखालून काहीतरी उचकटलं
आणि माझ्या तळव्यावर ठेवलं.
"मावऱ्याचे डोस्क्यान पन दोन खरे रतान.
ते नसले त वर कंचा नि खाली कंचा,
त्याला कलाचा नाय."

खरे.
तिच्या बोलीत ड चा र होतो,
ठाऊक आहे मला, चाळीस वर्षं इथेच काढलीत.
तरी ते दोन पांढरे, ओले,
डाळिंबाच्या दाण्याएवढे हातात घेऊन
तिला विचारता आलं नाही,
कशापेक्षा खरे.

रात्री एक खडा घासून भिंगाखाली धरला.
आत कडी, एकात एक.
जाड कडं, मग बारीक कडं.
कधी पोटभर, कधी उपास.

नातवाचं जीवशास्त्राचं पुस्तक माझ्याकडेच पडून आहे.
त्यात लिहिलंय, पहिल्या माशांना जबडाच नव्हता.
नुसतं भोक, चिखल गाळत जाणारं.
मग म्हणे कल्ल्याची पुढची कमान वाकली,
दुमडली, चावू लागली.
त्याच जबड्याची मागची हाडं
युगांनंतर कामावरून कमी झाली,
सरकत सरकत कानात आली,
लहान झाली. ऐकू लागली.
हातोडी, ऐरण, रिकीब.
म्हणजे आधी चावणं, मग ऐकणं.
यात मला काही नवल नाही.
आमच्या कचेरीतही हाच क्रम होता,
आणि ऐकू यायला लागलं
ते रिटायर झाल्यावर.

एकोणीसशे ब्याऐंशी. ट्रेसिंग पेपर,
शून्य दशांश तीनची निब.
भरतीच्या खुणेबाहेर मी एक सरळ रेघ मारली.
अलीकडे सेक्टर, पलीकडे पाणी.
रेघेखाली निवटे होते,
डोळे टाळूवर ठेवलेले,
पुढच्या परांची कोपरं करून चिखलात चालणारे,
जमिनीवर यायचं की नाही
हा निर्णय पिढ्यान् पिढ्या पुढे ढकलणारे.
त्यांना यावं लागलं नाही.
जमीनच त्यांच्यावर आली.

माशाच्या कुशीवरही एक रेघ असते,
कल्ल्यापासून शेपटीपर्यंत, बारीक भोकांची.
तिनं त्याला पाणी कळतं,
शेजाऱ्याचं वळणं, जाळ्याचं जवळ येणं.
माझी रेघ आखीव होती, तिला भोकं नव्हती.
धर्मीबायचा सासरा आला होता कचेरीत.
टोपी काखेत धरून तासभर टेबलापाशी उभा,
मी निब साफ करत होतो.
"सायब, इकरं भरती येते."
मी म्हणालो, नकाशात नाही.

सकाळी पुन्हा व्यायाम.
पलंगाच्या कडेवरून डोकं खाली,
तीस आकडे मोजायचे, मग उजवीकडे.
खिडकी उलटी. खाडी वर,
इमारती खाली लोंबतायत, वाळत घातल्यासारख्या.
उशाशी वाटीत दोन खडे,
एक झिजवलेला, एक अखंड.
कालचं कालवण उरलंय, गरम करायला हवं.
धर्मीबायला त्या टोपीबद्दल सांगायचंय.
सांगेन की नाही, कोण जाणे.
पंखा जरा हळू झालाय.
अठ्ठावीस. एकोणतीस.